मीटिंग ‘कॉल ऑफ’ झाली आणि मी कॉलची वाट बघत बसले

पत्र :

ताई, मी मराठी माध्यमातून शिकलेय आणि आता ऑफिसमध्ये रोज बाहेरच्या देशातल्या टीमबरोबर कॉल असतात. व्याकरण तसं बरं आहे, मेल वाचून कळतात, पण फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदामागे ऑफ-अप-आऊट लागून अर्थच बदलतो ते, आलं की माझी दांडी गुल. मागच्या आठवड्यात चॅटवर मेसेज आला ‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ’, म्हणजे रद्द झाली, आणि मला वाटलं आता कॉल येणार, मी हेडफोन लावून पंचवीस मिनिटं एकटीच मीटिंगमध्ये बसून. मग चिडून एका पीडीएफमधून पाचशे फ्रेझल व्हर्ब्ज पाठ करायला घेतली, रोज दहा. महिन्यात तीनशे झाली आणि आता गिव्ह इन, गिव्ह अप, गिव्ह आऊट, गिव्ह ऑफ सगळ्यांची सरमिसळ झालीय. बोलताना तर एकही तोंडातून येत नाही, मी आपली पोस्टपोन, टॉलरेट, कॅन्सल असंच पुस्तकी बोलते. हे नक्की शिकायचं कसं? आणि जाता जाता, बुधवारची मीटिंग ‘पुश्ड बॅक बाय टू डेज’ असा मेल आलाय, म्हणजे सोमवारी की शुक्रवारी? आता विचारायचीही लाज वाटते.
– हेडफोनवाली

उत्तर :

अगं हेडफोनवाली, आधी माझं ऐक म्हणजे तुला जरा बरं वाटेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक रिपोर्ट पाठवला होता, त्यात काही आकडे मिळत नव्हते, मी दिवसभर चार लोकांच्या मागे लागून ते मिळवले आणि मोठ्या अभिमानाने मेलमध्ये लिहिलं की ‘आय हॅव मेड अप द मिसिंग फिगर्स’. मला म्हणायचं होतं कमतरता भरून काढली. ‘मेक अप फॉर’ म्हणजे भरपाई करणं असं कुठेतरी वाचलं होतं, त्यातला ‘फॉर’ मी गाळला, आणि नुसतं ‘मेक अप’ म्हणजे मनाने रचणं. थोडक्यात मी लेखी कळवलं होतं की जे आकडे मिळाले नाहीत ते मी मनचे घातलेत. पाच मिनिटांत फोन आला. तू निदान एकटीच बसली होतीस, कुणाला कळलं तरी नाही.

तर पहिली गोष्ट, ती पीडीएफ बंद कर. तुझी मेहनत कमी पडली असं अजिबात नाही, महिन्यात तीनशे पाठ करणं म्हणजे चेष्टा नाही, पण त्या याद्या बनवतातच अशा की गोंधळ व्हावा. ‘गिव्ह’ची सगळी भावंडं एका रांगेत उभी केली, तीही सगळी सारख्या तोंडवळ्याची, मग कोण कुठलं हे लक्षात कसं राहणार? नवीन ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणी दहा जणांची ओळख करून दिली आणि दहाही जणांचं नाव ‘स’ वरून, तर जे होईल तेच तुझं झालंय. एकेकटे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कामात भेटले असते तर आपोआप लक्षात राहिले असते.

आणि हे अवघड फक्त आपल्याला जातं असं नाही हं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये त्याची प्रसिद्ध इंग्रजी डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच तो म्हणून गेलाय की क्रियापदामागे एखादा छोटा शब्द लावून अर्थ बदलायची आमची जी पद्धत आहे ती परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. तेव्हा ह्या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा नव्हतं, ते रुळलं १९२५ नंतर. नाव नव्हतं तेव्हाही लोक अडखळत होते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तू म्हणतेस हा प्रकार माझ्या डोक्यात बसत नाही, आणि मी म्हणते की तू हाच प्रकार मराठीत सकाळपासून रात्रीपर्यंत करतेस. ‘लिहिणे’ घे. लिहून घे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून दे, लिहून टाक. पाचही वेगळे की नाही? फोनवर कुणी पत्ता सांगतंय तर ‘लिहून घे’, विसरशील म्हणून ‘लिहून ठेव’, पूर्ण धडा वहीत उतरवायचा तर ‘लिहून काढ’, सहीनिशी हवं असेल तर ‘लिहून दे’, आणि एकदाचं संपव बाई असं असेल तर ‘लिहून टाक’. त्यात ‘टाक’ म्हणजे फेक नाही आणि ‘काढ’ म्हणजे बाहेर काढ नाही, हे तुला कुणी शिकवलं नाही, तुला ते नुसतं माहितीये. आता इंग्रजीकडे बघ. राईट डाऊन म्हणजे लिहून घेणं किंवा ठेवणं, राईट आऊट म्हणजे सगळं सविस्तर लिहून काढणं, राईट अप म्हणजे टिपणांवरून नीट मजकूर तयार करणं, आणि राईट ऑफ म्हणजे गेलं ते गेलं म्हणून सोडून देणं, बुडीत धरणं. खेळ तोच. आपण मागे दुसरं क्रियापद लावतो, ते मागे अप-डाऊन-ऑफ लावतात एवढाच फरक.

संस्कृतात तर पुढे लावायचे. शाळेत उपसर्ग शिकताना आहार, विहार, प्रहार, संहार असं म्हणायचो आठवतंय? मूळ धातू एकच, पुढचं अक्षर बदललं की कुठे जेवण आणि कुठे मारामारी. लॅटिनमध्येही तसंच, आणि गंमत म्हणजे तुझं ते लाडकं ‘पोस्टपोन’ आहे ना, ते मुळात ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्याच अर्थाच्या ‘पुट ऑफ’मध्येही ठेवणंच आहे. दोघांची आयडिया एकच, एकाने शेपूट पुढे लावलं, दुसऱ्याने मागे.

म्हणून त्या मागच्या शेपटाकडे जरा प्रेमाने बघायला शिक. सगळ्यात कामाचं शेपूट म्हणजे ‘अप’. नेहमी वर जाणं असा त्याचा अर्थ घेतलास तर फसशील, कारण खूप ठिकाणी ते आपल्या ‘टाकणे’चं काम करतं, म्हणजे काम पूर्ण, शेवटपर्यंत. यूज अप म्हणजे वापरून संपवणं, क्लीन अप म्हणजे सगळं स्वच्छ करून टाकणं, टिअर अप म्हणजे फाडून तुकडे करून टाकणं. ‘आऊट’मध्ये बऱ्याचदा आत दडलेलं बाहेर येतं, फाइंड आऊट, फिगर आऊट, वर्क आऊट, आपणही ‘शोधून काढ’ म्हणतोच की, काढ म्हणजे आऊटच. ‘ऑन’मध्ये चालू राहणं, गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन. ‘ऑफ’मध्ये तुटणं, सुटणं, लांब जाणं, म्हणून कॉल ऑफ, ब्रेक ऑफ, पुट ऑफ. तुझी ती मीटिंग तुटली होती गं, फोनचा काही संबंधच नव्हता.

आता लगेच असं समजू नकोस की शेपटाचे अर्थ पाठ केले की काम झालं. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, बंद झाले. आणि ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. बंद झाला नाही, चांगला ठणाणा वाजला! ओढूनताणून म्हणता येतं की दोन्हीकडे आधीची अवस्था सुटली, दिवा उजेडातून सुटला, अलार्म शांततेतून सुटला, पण हे शहाणपण नंतरचं. शेपटाचा अर्थ आधी ऐकलेलं लक्षात ठेवायला मदत करतो, न ऐकलेलं ओळखायला त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये असं माझं मत. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ दोन्हीचा अर्थ हळू होणं असाच आहे, आता बोल.

दुसरी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तुला शंभरएक तरी आधीच येतात. बॅकअप, सेटअप, चेकअप, ब्रेकअप, फॉलोअप, पिकअप, लॉगिन, टेकऑफ, ब्रेकडाऊन, लॉकडाऊन, ड्रॉपआऊट, हे सगळं आपण मराठीत सर्रास बोलतो, ‘बॅकअप घेतला का’, ‘गाडी ब्रेकडाऊन झाली’, ‘जरा फॉलोअप घे’. हे सगळे फ्रेझल व्हर्ब्जचेच नाम झालेले अवतार. म्हणजे अर्थ तुझ्या घरात आहे, फक्त तो क्रियापद म्हणून वापरायचा. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. नाम असताना ते एकच शब्द असतो, क्रियापद झालं की दोन शब्द होतात आणि भूतकाळ पहिल्या शब्दाला लागतो. त्यामुळे ‘आय बॅकअप्ड द फाइल्स’ नाही, ‘आय बॅक्ड अप द फाइल्स’. ‘आय लॉगिन्ड’ नाही, ‘आय लॉग्ड इन’. ‘ही सेटअप्ड’ तर नाहीच, सेट तसाच राहतो, ‘ही सेट इट अप’. आणि जोरही बदलतो. नाम बोलताना जोर पुढे, बॅकअपमधल्या ‘बॅक’वर. क्रियापद बोलताना जोर मागे सरकतो, ‘बॅक इट अप’ म्हणताना ‘अप’ ठासून. मोठ्याने दोनदा म्हणून बघ, फरक कानाला लगेच कळतो.

आता खरी युक्ती, मला स्वतःला जिचा सगळ्यात जास्त फायदा झाला ती. कुठलंही फ्रेझल व्हर्ब नुसतं लिहायचं नाही, त्यात ‘इट’ घालून लिहायचं. वहीत ‘पुट ऑफ’ नाही, ‘पुट इट ऑफ’. ‘कॉल ऑफ’ नाही, ‘कॉल इट ऑफ’. पण ‘लूक आफ्टर इट’, ‘लूक इंटू इट’, ‘रन आऊट ऑफ इट’, ‘पुट अप विथ इट’. बघितलंस काय झालं? काहींत ‘इट’ मध्ये शिरला, काहींत शेवटी गेला. व्याकरणाच्या पुस्तकात ह्याला सेपरेबल आणि इनसेपरेबल म्हणतात आणि त्याचे तक्ते असतात, तुला तक्ता नको, ‘इट’ची जागा तोंडात बसली की झालं. जी सुटी होतात त्यांत खरं नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘टर्न ऑफ द लाइट’ पण बरोबर आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ पण बरोबर, पण ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ असं काही असेल तर मध्येच घ्यावं लागतं. ‘टर्न ऑफ इट’ म्हणालीस की समोरच्याला खटकणारच. आणि कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘काल रात्री तू चालू ठेवलेले मागच्या खोलीतले दिवे’ असं काही, तर ते शेवटी टाक, मध्ये कोंबलंस तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा विसरून जाईल काय चाललं होतं. ‘इट’ अंगाने बारीक, तो मध्ये मावतो.

आणि ह्याच ‘इट’ने आणखी एक जुनं दुखणं बरं होतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ की ‘मीटिंग यू’? मी कितीतरी वर्षं ‘मीट’च लिहीत होते आणि कुणी काही बोललं नाही. ‘इट’ लावून बघ. ‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ जमतंय ना, मग तिथला ‘टू’ नामाच्या आधी येणारा आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग’. ‘आय वॉन्ट टू इट’ काही जमत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू मीट’.

शिवाय ऐकताना पण. वाचून कळलेलंही कॉलवर कळत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं की बोलताना ते शब्द सुटे उच्चारतच नाहीत. ‘पुट इट ऑफ’ कानावर येतं ‘पुटिटॉफ’, ‘पिक इट अप’चं होतं ‘पिकिटप’, ‘फिगर इट आऊट’चं ‘फिगरिटाऊट’, अमेरिकन असेल तर त्यातल्या ‘ट’चाही ‘ड’ होतो, ‘पुडिडॉफ’. तुझ्या डोक्यात ‘पुट ऑफ’ पाठ आहे आणि कानावर काहीतरी भलताच एक शब्द पडतोय, ओळख पटणार कशी? म्हणून वहीतलं ‘इट’वालं वाक्य मोठ्याने, घाईत, एका श्वासात पाच-सहा वेळा म्हण. वेड्यासारखं वाटतं, मान्य, दार लावून घे. पण एकदा स्वतःच्या तोंडून ‘कॉलिटॉफ’ आलं की दुसऱ्याच्या तोंडचं कळायला लागतं.

किती शिकायची? पाचशे नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस ह्या दोघांनी २००७ मध्ये ब्रिटिश इंग्रजीच्या १० कोटी शब्दांच्या साठ्यातून मोजदाद केली होती, त्यात दिसलं की निम्म्याहून थोडी जास्त फ्रेझल व्हर्ब्ज फक्त २० क्रियापदं आणि ८ शेपटं ह्यांच्या जोड्यांतूनच आलेली आहेत. गो, कम, टेक, गेट, सेट, पुट वगैरे नेहमीचीच मंडळी. पुढे २०१५ मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट ह्यांनी १५० महत्त्वाची फ्रेझल व्हर्ब्ज निवडली आणि त्यांचे खरोखर वापरात असलेले अर्थ मिळून २८८ निघाले. म्हणजे एकेकाचे साधारण दोन. डिक्शनरीत ‘टेक ऑफ’चे किंवा ‘सेट अप’चे दहा-बारा अर्थ बघून जो घाम फुटतो ना, तो पुसून टाक. त्यातले एक-दोनच रोज भेटतात.

आणि तू ‘पोस्टपोन’ बोलतेस ह्यात काहीही चूक नाही, हे मी जरा जोर देऊन सांगते. ज्यांच्या भाषेत असा प्रकार नाही ते लोक फ्रेझल व्हर्ब टाळून एका शब्दाचं क्रियापद निवडतात, १९८५ मध्ये हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला होता त्यात हेच दिसलं होतं. सगळे करतात. समजणं सगळं पाहिजे, वापरणं मात्र जेवढ्याची खात्री तेवढंच. माझ्या त्या ‘मेड अप’ऐवजी मी ‘आय ऑब्टेन्ड द मिसिंग फिगर्स’ असं कोरडं लिहिलं असतं तर एक फोन वाचला असता. उलट फ्रेझल व्हर्ब म्हणजे फक्त गप्पांची भाषा, लेखी कामात चालत नाही, असंही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, ‘कॅरी आऊट’, ‘पॉइंट आऊट’, ‘सेट अप’ हे संशोधनाच्या पेपरात आणि कोर्टाच्या निकालांत राजरोस असतात.

लक्ष द्यायचं ते सुराकडे. मेलमध्ये नाराज झालेल्या माणसाला ‘प्लीज काम डाऊन’ लिहिलंस की तो आणखी भडकणार, आणि ज्याचं काही दुःखद झालंय त्याला ‘गेट ओव्हर इट’ म्हणणं म्हणजे ‘झालं आता, पुरे कर’ असं तोंडावर म्हणणं. ‘हरी अप’ पण मित्राला ठीक, क्लायंटला नाही. आणि आपल्याकडची दोन खास फळं, एक ‘कोप अप विथ’, त्यात ‘अप’ नसतो, नुसतं ‘कोप विथ’, आणि दुसरं ‘आय पास्ड आऊट इन अमुक साली’, आपण पदवी मिळाली म्हणून सांगतो आणि बाहेरच्या बऱ्याच लोकांना वाटतं हा त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हण.

आता प्रत्यक्षात काय करायचं. तुझ्या ऑफिसच्या चॅटमध्ये आणि मेलमध्ये गेल्या महिन्याभराचं वरवर चाळ आणि जे फ्रेझल व्हर्ब किमान तीनदा दिसतंय तेवढंच उचल, मला खात्री आहे वीस-पंचवीसच्या वर निघणार नाहीत, कारण माणसं तीच तीच वापरतात. तीच तुझी यादी, दुसऱ्या कुणाची नको. आठवड्याला तीन. प्रत्येकाचं एक वाक्य, पण पुस्तकातलं ‘जॉन पुट ऑफ द पार्टी’ असलं नाही, तुझ्याशी घडलेलं. ‘दे कॉल्ड इट ऑफ अँड आय सॅट देअर फॉर ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स.’ हे वाक्य तू मरेपर्यंत विसरणार नाहीस, लिहून ठेव. नंतर त्या आठवड्यात त्यातलं एक तरी खऱ्या मेसेजमध्ये वापर, मेलपेक्षा चॅटवर आधी, तिथे चुकलं तरी वर सरकून जातं. एकाच क्रियापदाची दोन भावंडं एका आठवड्यात घेऊ नकोस. ‘गिव्ह’चं कुटुंब तर सध्या पूर्ण बाजूला ठेव, फक्त ‘गिव्ह इट अप’ म्हणजे सोडून देणं एवढं राहू दे, बाकीची भेटतील तेव्हा भेटतील. आणि कॉलवर नाही कळलं तर ‘सॉरी, डू यू मीन वी आर कॅन्सलिंग इट?’ असं सरळ विचार, न कळल्याची कबुली दिल्यासारखं वाटत नाही, उलट खात्री करून घेतल्यासारखं वाटतं, आणि मीटिंगमधल्या आणखी दोघांना पण कळलेलं नसतं ते मनातून तुझे आभार मानतात.

राहिली तुझी ‘पुश्ड बॅक बाय टू डेज’. इथे तर मराठी डोकं हमखास उलटं चालतं. आपण मीटिंग पुढे ढकलतो, ते मागे ढकलतात, आणि दोघांची जाते एकाच ठिकाणी, नंतर. ‘बॅक’ बघून अलीकडे आली असं समजू नकोस, अलीकडे आणली असती तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलं असतं. तेव्हा शुक्रवारी. सोमवारी हेडफोन लावून बसू नकोस.